आधी धुराडं, मग भट्टी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या, बंब आणि शेगड्यांचे प्रश्न सगळ्यात जास्त आहेत. जवळजवळ प्रत्येकाने भट्टी आधी आणली आणि पाइप कुठून काढायचा हे नंतर विचारलं. आमच्या मते काम उलटं सुरू करायला हवं. भट्टी ओढते ती धुराड्याच्या जोरावर. धुराडं चुकलं, तर कितीही महागाची भट्टी घरात धूर आणि विषारी वायूच सोडणार.

परभणीजवळच्या मळ्यातल्या घराचा प्रश्न: आईवडिलांच्या खोलीत बसवायला फॅब्रिकेटरकडून लोखंडी, दाराची भट्टी करून घेतली आहे. तिच्यावर ६ इंची पाइपाचं तोंड आहे. खोली १२ बाय १४ फूट, वर पत्रे, पत्र्याखाली पीव्हीसीचं सिलिंग. बसवताना काय काय बघावं?

परभणीचा पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत ऊब हवी हे खरं आहे. पण भट्टी जागेवर ठेवण्याआधी ओळंबा घेऊन छपराकडे बघा. पाइप सरळ वर जायला हवा आणि त्याच्या वाटेत कैची, वासा किंवा वायरिंग येता कामा नये. जिथून सरळ वर जाता येतं, ती भट्टीची जागा. पाइप घरातूनच वर गेला तर गरम राहतो आणि चांगला ओढतो. वळण टाळता येत नसेल तर जास्तीत जास्त दोन एल्बो चालतील, आणि आडव्या तुकड्याला दर फुटाला पाव इंच चढ हवाच.

भट्टीच्या डोक्यापासून पाइपाच्या टोकापर्यंत उंची निदान १५ फूट धरा. तुमचं छप्पर जमिनीपासून १०-११ फुटांवर असेल, तर पत्र्याच्या वर साधारण ७ फूट पाइप येईल. शिवाय दोन मापं पाळायची: पाइप छपरातून जिथे निघतो तिथून किमान ३ फूट वर, आणि आडव्या १० फुटांच्या आत जे काही उंच असेल (आढं, पाण्याची टाकी, शेजारची भिंत) त्याच्यापेक्षा किमान २ फूट वर. एवढं केलं नाही, तर वारा उंच भागावरून खाली आदळतो आणि धूर पाइपातून परत खोलीत ढकलतो. ७ फूट मोकळा पाइप अवकाळीच्या वावटळीत टिकत नाही. त्याला तीन बाजूंनी तारेचे ताण द्या.

पाइप ६ इंचीच ठेवा, वर जाऊन ४ इंची करू नका. ६ इंची पाइपाचं तोंड २८ चौरस इंच भरतं, ४ इंचीचं जेमतेम साडेबारा. काळ्या पत्र्याचा १.२ मिमी जाडीचा किंवा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा पाइप घ्या. जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप स्वस्त म्हणून लावू नका. त्यावरचं जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि जास्त तापल्यावर निघणारा जस्ताचा धूर अंगात ताप भरवतो. सिमेंटचा ॲस्बेस्टॉस पाइप तर नकोच. तो भट्टीच्या तापाने तडकतो, कधी फुटून तुकडे उडतात. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू मारा आणि निमुळती बाजू भट्टीकडे, म्हणजे खाली ठेवा. पुष्कळ जण पावसाच्या पन्हाळीच्या हिशेबाने उलटं बसवतात, आणि मग पाइपाच्या आतलं डांबरी पाणी सांध्यातून बाहेर ओघळतं.

आता अंतरं. लाकूड, प्लायवूड, पडदा, गादी, कपाट, जे जे पेटू शकतं ते भट्टीपासून ३६ इंच लांब आणि पाइपापासून १८ इंच लांब. जागा कमी असेल तर मधे २४ गेजचा पत्रा उभा करा, पण तो भिंतीला चिकटवून नाही. भिंतीपासून १ इंच सोडून लावायचा, खाली-वर मोकळा, म्हणजे मागून हवा वाहते. असा पत्रा असेल तर भट्टीपासूनचं ३६ इंचांचं अंतर १२ इंचांवर आणता येतं. चिकटवलेला पत्रा काहीच वाचवत नाही, कारण तो स्वतः तापून ताप मागे देतो. विटेची गिलावा केलेली भिंत पेटत नाही, तरी साफसफाईला हात जाईल इतकी जागा ठेवा आणि भिंतीच्या पलीकडे लाकडी कपाट टेकलेलं नाही ना, ते बघा.

सर्वांत धोक्याचं ते पीव्हीसी सिलिंग. ते ७५-८० अंशांनाच मऊ पडतं, आणि पेटलं तर त्यातून आम्लाचा वायू निघतो. ६ इंची पाइपाच्या चारी बाजूंना १८ इंच म्हणजे साडेतीन फुटांचा चौकोन सिलिंगमधून कापावा लागेल. तो पत्र्याने झाका, पण पाइपाभोवती हवा खेळू द्या. छपराच्या पत्र्याला खालून फोम किंवा थर्माकोल लावलेला असेल, तर तोही तेवढाच काढा. दिसायला बरं दिसत नाही म्हणून हा चौकोन लहान करणारे कारागीर भेटतील. ऐकू नका. पाइपाच्या टोकावर टोपी आणि अर्ध्या इंचाची जाळी लावा, कारण मळ्यात कडब्याची गंजी असते आणि ठिणगी वाऱ्यावर दूर जाते. यापेक्षा बारीक जाळी काजळीने बुजते.

भट्टीला हवा लागते आणि ती खोलीतूनच जाते. जमिनीलगत भिंतीत ६ बाय ६ इंचांचं भोक ठेवा. त्याला उंदरांची जाळी लावा, डासांची नाही. भट्टी पेटलेली असताना एक्झॉस्ट फॅन बंद, नाहीतर तो पाइपातला धूर उलटा ओढतो. दारासमोर १८ इंच जमीन पेटणार नाही अशी हवी. फरशी असेल तर प्रश्न नाही, मात्र भट्टीखाली विटांचा एक थर द्या, म्हणजे फरशी तडकत नाही.

आणि खोलीत झोपणाऱ्यांच्या उशाच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट धरतो. घेताना ‘ईएन ५०२९१’ हा युरोपीय मानकाचा शिक्का बघा. नुसता धुराचा अलार्म हे काम करत नाही. झोपण्याच्या तासभर आधी शेवटचं लाकूड घाला, आणि निखारे असेपर्यंत पाइपातली झडप पूर्ण बंद करू नका.

भूमचा प्रश्न: घराला लागून असलेल्या पडवीत खव्याची भट्टी बांधली. दोन महिन्यांत आतल्या विटा खपलायला लागल्या. धूर कढईच्या कडेने बाहेर येतो. ४ इंची दोन पाइप लावूनही फरक नाही.

दोन्ही दुखणी बांधणीतच आहेत. आत लाल वीट आणि सिमेंट वापरलेलं दिसतं. सिमेंटचा जोड ४००-५०० अंशांच्या आसपास भुसभुशीत होतो, आणि खव्याच्या भट्टीत ताप त्याच्या वर जातो. आतलं अस्तर ‘आयएस ८’ छापाच्या फायर ब्रिकचं, म्हणजे ताप सोसणाऱ्या विटेचं हवं. माप ९ बाय साडेचार बाय ३ इंच. जोडायला फायर क्ले, खिरीइतकी पातळ कालवून. वीट तिच्यात बुडवायची आणि बसवायची, जोड २-३ मिमीपेक्षा जाड नको. जाड जोड आधी गळतो आणि वीट सैल होते. बाहेरून लाल वीट चालेल, पण दोन्हींच्या मधे बोटभर फट ठेवून सिरॅमिक ब्लँकेट (ताप अडवणारी तंतूंची चादर) किंवा चाळलेली कोरडी राख भरा. आतली वीट तापून फुगते. तिला जागा मिळाली नाही तर बाहेरची भिंत फाडते. बाहेरून अँगलची चौकट आवळली तर बांधकाम जास्त टिकतं.

धुराचं कारण बहुधा हे आहे: धूर बाहेर काढणारं भोक चुकीच्या जागी आहे, किंवा कढई नीट बसत नाही. भोक इंधनाच्या तोंडाच्या बरोबर समोर, कढईच्या काठाच्या लगेच खाली हवं, म्हणजे ज्वाळेला कढईचं बूड चाटूनच बाहेर जावं लागतं. भोक खाली ठेवलं तर ज्वाळा कढईला न लागताच निघून जाते. काठाखाली फायर क्लेची गोल बैठक करा, कढई तिच्यात चपखल बसली पाहिजे. ४ इंची दोन पाइप मिळून २५ चौरस इंच होतात, ६ इंचीच्या एका पाइपाहूनही कमी. त्यातही लहान पाइपात घर्षण जास्त. दोन्ही काढा आणि एक ६ इंची, जमलं तर ८ इंची, सरळ पाइप लावा.

तळाला जाळी हवी: २० मिमीच्या सळया, मधे १०-१२ मिमी फट, खाली राखेचा कप्पा. तुराट्या आणि पऱ्हाट्या जाळीशिवाय धुमसतात, कारण त्यांच्या राखेतून हवा वर येत नाही.

नवं बांधकाम झाल्यावर दोन दिवस अजिबात पेटवू नका. मग पहिल्या दिवशी तासभर काटक्यांचा छोटा जाळ, दुसऱ्या दिवशी दोन तास, असं वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण जाळ. घाई केली तर आतलं पाणी वाफ होऊन विटांचे पापुद्रे उडवतं. तुमच्या विटा खपलण्याचं एक कारण हेही असू शकतं.

एक हिशेब सांगावासा वाटतो. म्हशीच्या साधारण ५ लिटर दुधाचा १ किलो खवा होतो, म्हणजे ४ लिटर पाणी उडवायचं. त्याला मोजून २,५०० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता लागते. वाळलेल्या १ किलो लाकडात साडेतीन हजार असतात. म्हणजे सगळी उष्णता कढईत गेली असती तर पाऊण किलो लाकूड पुरलं असतं. भट्टीत १५ टक्केच कामी येत असेल तर ५ किलो लागतं. बाकीचं लाकूड तुम्ही पडवी तापवायला जाळताय. कढईची बैठक आणि भोकाची जागा सुधारणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

लातूरचा प्रश्न: स्टीलचा लाकडावरचा बंब गच्चीवरच्या टाकीला जोडायचा आहे. प्लंबर म्हणतो, गरम पाणी टाकीत परत जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकू.

टाकू देऊ नका. निदान वाफेची मोकळी वाट केल्याशिवाय तर नाहीच. जुना तांब्याचा बंब सुरक्षित होता, कारण तो वरून उघडा होता: नरसाळ्यात गार पाणी ओता, तोटीतून गरम घ्या. नळाला जोडलेला बंब बंदिस्त होतो. २० अंशांचं पाणी ८० अंशांवर गेलं की ते सुमारे ३ टक्के फुगतं. ५० लिटरच्या बंबात दीड लिटर जास्तीचं पाणी कुठेतरी जायला हवं. गार पाण्याच्या बाजूला नॉन-रिटर्न आणि गरम बाजूचे नळ बंद, तर ते जाणार कुठे? आणि लाकडाचा जाळ विजेच्या गिझरसारखा बटण दाबून थांबत नाही. पाणी उकळून वाफ झाली की ते मूळ आकारमानाच्या सोळाशेपटीहून अधिक पसरतं. बंब फुटतो तो असा.

बंबाच्या सर्वांत वरच्या भागातून १ इंची जीआय पाइप थेट वर न्या, टाकीच्याही वर, आणि टोक खाली वळवून टाकीवर उघडं सोडा. या पाइपावर कुठेही व्हॉल्व्ह नको, मधे कुठे खाली उतार नको. उंची अशी काढा: टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून १५० मिमी, अधिक बंबापासून त्या पातळीपर्यंतच्या दर मीटरला ४० मिमी. पातळी बंबाच्या ७ मीटर वर असेल तर ४३० मिमी. २ फूट ठेवा म्हणजे निर्धास्त. याशिवाय सेफ्टी व्हॉल्व्ह लावा, त्याची नळी जमिनीकडे वळवून, कुणाच्या अंगावर उकळतं पाणी येणार नाही अशी. बंबापासून पहिले ५ फूट जीआय किंवा तांबं. सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीचं प्लास्टिक) ९३ अंशांपर्यंतच चालतं आणि साधं पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी लोळतं.

पेटवण्याआधी गरम नळ उघडून धार येते का बघा. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टाकी कोरडी असण्याचे दिवस इथे कुणाला नवे नाहीत. पाण्याशिवाय तापलेल्या बंबात एकदम गार पाणी सोडलं तर सांधे उघडतात. अशा वेळी जाळ ओढून काढा आणि बंब आपोआप गार होऊ द्या. बोअरच्या जड पाण्याने आत पांढरा थर धरतो, त्यामुळे लाकूड जास्त लागतं आणि पत्रा जळतो. वर्षातून एकदा लिंबूसत कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर भरून ठेवा आणि सकाळी धुऊन काढा.

अंबाजोगाईचा प्रश्न: जुनं माळवदाचं घर आहे. माळवदाला भोक पाडून पाइप वर काढला तर चालेल का?

आमचा सल्ला: काढू नका. माळवद वरून मातीचं दिसतं, पण आत सर, लग, किलचन ही सगळी लाकडंच आणि त्यावर काटक्यांचा किंवा पाचटाचा थर असतो. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड कमी तापमानालाही पेट घेऊ लागतं, आणि मातीखालचं पाचट दिवसभर नुसतं धुमसत राहतं. धूर दिसेपर्यंत आग दोन खण पुढे गेलेली असते.

पाइप दगडी भिंतीतून बाहेर काढा. भिंतीत ८ इंची पाइपाची बाही बसवून तिच्यातून ६ इंची पाइप न्यायचा, बाहेरच्या बाजूला चढ देऊन. बाहेर टी (इंग्रजी T आकाराचा जोड) लावा, टीचं खालचं तोंड टोपीने बंद. ती टोपी काढली की काजळी खाली पडते. तिथून वर माळवदाच्या वर ३ फूट. बाहेरचा पाइप थंडीत गार पडतो आणि आत डांबर धरतो, म्हणून त्यावर २ इंच सिरॅमिक ब्लँकेट आणि वरून पत्रा गुंडाळा. दर ४-५ फुटांवर भिंतीला पट्टी. खिडकी-कोनाड्यावरच्या लाकडी गणेशपट्ट्या-तुळयांपासून १८ इंच सोडा.

भोक कोपऱ्यापासून निदान ३ फूट दूर पाडा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरचं माळवदाचं ओझं यांनीच माणसं गाडली. अशा भिंतीचा कोपरा पोखरायचा नाही, आणि माळवदावर विटांचं उंच धुराडं तर मुळीच उभं करायचं नाही.

जालन्याचा प्रश्न: लाकडाच्या भट्टीत दगडी कोळसा किंवा हार्ड कोक (कोळसा भाजून केलेलं कडक इंधन) घातला तर?

लाकडाला हवा वरून लागते, ते राखेच्या गादीवरही जळतं. कोळशाला हवा खालूनच हवी. जाळी आणि राखेचा कप्पा नसलेल्या भट्टीत कोळसा नुसता काळवंडतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. जाळी असेल तर आधी लाकडाचे निखारे करा, मग लिंबाएवढे खडे थोडे थोडे घाला. सगळा विस्तव एकदम झाकू नका, एक कोपरा लाल दिसला पाहिजे. झाकला तर कोळशातून निघालेला वायू आत साठतो आणि मग भडका उडून दार उघडतं. आपल्याकडच्या दगडी कोळशात पुष्कळदा ३० ते ४५ टक्के राख असते, तेव्हा जाळी दिवसातून दोनदा हलवावी लागेल. हार्ड कोक घरगुती भट्टीत नकोच. त्याचा ताप पातळ पत्रा वाकवतो आणि जाळी गाळतो. कोळशाच्या उघड्या विस्तवावर भाकरी भाजू नका.

राखेत निखारे दोन-तीन दिवस जिवंत राहतात. ती झाकणाच्या लोखंडी डब्यात, दगडावर, घराबाहेर ठेवा. उकिरड्यावर लगेच टाकू नका.

हिंगोलीचा प्रश्न: बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवतात. धूर नसतो, मग दारं-खिडक्या लावल्या तर काय बिघडतं?

धूर नसलेले लाल निखारेच कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त सोडतात, म्हणून ‘धूर नाही’ ही खूण फसवी आहे. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, अंगात ताप नसताना गळून जाणं ही लक्षणं बाळंतपणाच्या थकव्यासारखीच वाटतात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत. बाळ तर सांगूही शकत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवू नका. शेक द्यायचाच तर निखारे बाहेर ठेवून त्यावर विटा तापवा, त्या कापडात गुंडाळून आत आणा. ऊब तीच मिळते. कुणी सुस्त पडलेलं दिसलं तर आधी दार उघडा, माय-लेकरांना मोकळ्यावर आणा आणि १०८ ला फोन करा. बाळ फक्त झोपलंय असं समजून थांबू नका.

नांदेडचा प्रश्न: पाइप किती दिवसांनी साफ करावा?

मुदत नाही, थर मोजा. आत ३ मिमी थर दिसला की तारेचा ब्रश फिरवा. हंगामात दर महिन्याला टी उघडून बघत जा. ओलं लाकूड जाळणाऱ्याला पंधरा दिवसांतही साफ करावं लागतं. ताज्या तोडीच्या बाभळीत निम्म्याच्या आसपास पाणी असतं, २० टक्क्यांखाली यायला फोडून, पावसापासून झाकून, सहा महिने ते वर्ष लागतं. दोन फोडी एकमेकींवर आपटा: ठणठणीत आवाज आला तर वाळलेलं, बद्द आला तर ओलं.

पाइपात घुमल्यासारखा आवाज आला आणि पत्रा लाल दिसू लागला, तर आत डांबर पेटलंय. भट्टीचं दार आणि हवेची झडप बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, १०१ किंवा ११२ ला फोन करा. तापलेल्या पाइपावर पाणी मारू नका, तो फाटतो. आग विझल्यानंतरही सिलिंगच्या वरची बाजू काही तास हाताने चाचपून बघत राहा, आणि पाइपाचा प्रत्येक जोड तपासल्याशिवाय भट्टी पुन्हा पेटवू नका.